हिंसा पाहिलेली लॅटिनो मुले आणि त्यांची उभारी: शाळेने काय समजून घ्यावे?

ओवी (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी ह्यूस्टनमधील एका सरकारी माध्यमिक शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. माझ्या वर्गातील बहुसंख्य मुले लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या कुटुंबांतील आहेत. काहींचे आईवडील मेक्सिकोतून आले, काहींचे होंडुरास किंवा एल साल्वादोरमधून, तर काही मुलांच्या आजोबांचा जन्मसुद्धा टेक्सासमधलाच आहे. कागदावर या सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिला जातो, पण त्यांनी पाहिलेले जग एक नाही, हे त्यांच्यात वावरल्यावर लवकरच कळते.

प्रश्न सुचला तो दोन मुलांवरून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोघांनीही आपल्या वस्तीत गोळीबार अगदी जवळून पाहिला आहे. पहिला मुलगा नेहमी भिंतीला पाठ लावून, दरवाजा दिसेल अशाच बाकावर बसतो. कोणी लॉकर जोरात आपटला की तो दचकत नाही, थेट उठून उभा राहतो, मुठी आवळलेल्या असतात, आणि आठवड्यातून एकदा तरी त्याची कोणाशी तरी मारामारी होते. दुसरा मुलगा नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजीतल्या सूचना स्पॅनिशमध्ये समजावून सांगतो, गृहपाठ वेळेवर देतो आणि वरकरणी शांत असतो. शिक्षकांच्या खोलीत याचे स्पष्टीकरण एका वाक्यात दिले जाते: एक मुळात नाजूक, दुसरा मुळात कणखर. मला हे पटत नाही, पण त्याला उत्तर देण्याइतका माझा अभ्यासही नाही.

दुसरी शंका एका प्रशिक्षणातली. तिथे आम्हाला बालपणातील प्रतिकूल अनुभवांविषयीचा दहा प्रश्नांचा एक फॉर्म दाखवण्यात आला. त्यात घरातील मारहाण, पालकांचे व्यसन, घटस्फोट यांविषयी प्रश्न होते. रस्त्यावरच्या हिंसेविषयी, सीमा ओलांडतानाच्या प्रवासाविषयी किंवा ‘बाबा संध्याकाळी घरी येतील ना’ या रोजच्या धास्तीविषयी एकही प्रश्न नव्हता. मग या मुलांच्या बाबतीत तो फॉर्म नेमके काय मोजतो? आणि मी मानसोपचारतज्ज्ञ नसताना माझ्या हातात काय आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मनोवाचक

त्या दहा प्रश्नांपासूनच सुरुवात करतो, कारण तुमची शंका रास्त आहे. तो फॉर्म ज्या अभ्यासातून आला, तो विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील माहिती सॅन दिएगोमधील कायझर परमनेंटे या आरोग्यसंस्थेच्या सभासदांकडून घेतलेली होती. ही माणसे प्रामुख्याने गोरी, मध्यमवर्गीय, आरोग्यविमा असलेली आणि बऱ्यापैकी शिकलेली होती. त्यांच्या बालपणातील दुःखे बहुतांशी घराच्या चार भिंतींत घडलेली असल्यामुळे प्रश्नही त्या चार भिंतींतच राहिले. निष्कर्ष महत्त्वाचाच होता: प्रतिकूल अनुभवांची संख्या वाढते तसे पुढील आयुष्यातील नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांचेही प्रमाण वाढते. मात्र वस्तीतील गोळीबार, वंशभेद, असुरक्षित परिसर, दादागिरी या गोष्टी त्या यादीत नव्हत्या. पुढे फिलाडेल्फियातील संशोधकांनी त्या जाणीवपूर्वक जोडल्या, तेव्हा जुन्या यादीने ज्यांना ‘काही झालेले नाही’ या रकान्यात टाकले असते अशी बरीच माणसे त्या रकान्यातून बाहेर आली. तेव्हा तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाचा आकडा शून्य आला, तर त्याचा अर्थ त्याचे बालपण सुरक्षित होते असा कृपया घेऊ नका. शिवाय हा आकडा लोकसंख्येच्या अभ्यासासाठी योग्य आहे. एका मुलाचे भविष्य त्यावरून वर्तवता येत नाही, हे स्वतः अँडा यांनीही नंतर स्पष्टपणे मांडले आहे.

आता हिंसेविषयी. मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत ती तीन टप्प्यांत येते: मायदेशी, वाटेत आणि इथे पोहोचल्यावर. एल साल्वादोरमधील यादवी १९८० ते १९९२ अशी बारा वर्षे चालली. त्यातून जीव वाचवून लॉस एंजेलिसमध्ये आलेल्या काही तरुणांनी तिथल्या आधीच्या टोळ्यांपासून बचाव म्हणून स्वतःच्या टोळ्या बांधल्या. आज कुप्रसिद्ध असलेली एमएस-१३ ही त्यांतलीच एक. १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर हद्दपारी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर घडलेली ही टोळीव्यवस्था अशा देशांत जाऊन पोहोचली, जिथे युद्धानंतर पोलीस, न्यायालये आणि शाळा सारेच खिळखिळे झाले होते. २०१५ मध्ये एल साल्वादोरमधील खुनांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे शंभराच्या वर गेले. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०१४ च्या आर्थिक वर्षात, अमेरिकेच्या नैर्ऋत्य सीमेवर पालकांविना आलेली सुमारे ६८,५०० मुले ताब्यात घेतली गेली होती. म्हणून ‘ती मुले हिंसा घेऊन इकडे आली’ हे वाक्य ऐकू आले, की मला इतिहास मधूनच वाचायला घेतल्यासारखा वाटतो.

तुमच्या पहिल्या मुलाविषयी बोलायचे, तर त्याचे वागणे त्याच्या परिस्थितीत अगदी तर्कशुद्ध आहे. धोका खरोखर असलेल्या ठिकाणी दरवाजावर नजर ठेवणारे, आवाज होताच उभे राहणारे शरीर मुलाला वाचवते. अडचण पुढे येते. धोका संपल्यावरही शरीराची ही सावध यंत्रणा शांत होत नाही, झोप तुटक होते, स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांवर ताण येतो, आणि समोरच्याच्या तटस्थ चेहऱ्यातही राग दिसू लागतो. वर्गात याचे निदान बहुधा ‘लक्ष नसणे’ किंवा ‘उद्धटपणा’ असे होते. काही मुलांमध्ये याच्या उलट बधिरता येते: मूल हिंसेविषयी हवामानाविषयी बोलावे तसे बोलते आणि आपल्याला वाटते की ते सावरले. मुलींमध्ये ताण अनेकदा आत वळतो. पोटदुखी, डोकेदुखी, गैरहजेरी अशा रूपांत तो दिसतो आणि त्या कोणाला त्रास देत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाहीत.

‘मुळात कणखर’ या मताला सर्वांत चांगले उत्तर जुनेच आहे. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा अनेक दशके मागोवा घेतला. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुले गरिबी, घरातील कलह, पालकांचे मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढली, आणि त्या मुलांपैकीही एक तृतीयांश पुढे समर्थ, मायाळू प्रौढ झाली. स्वभावाचा त्यात वाटा होताच. पण जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात किमान एक स्थिर, जिव्हाळ्याचे मोठे माणूस होते: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कधी चर्चमधील कोणी. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. किशोरवयात भरकटलेल्या मुलांपैकीही अनेकजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले, आणि त्यामागे कम्युनिटी कॉलेज, लष्करातील नोकरी, चांगला जोडीदार अशा नव्याने मिळालेल्या संधी होत्या. सतराव्या वर्षी दिसणारे चित्र अंतिम मानू नये, हे त्यावरून कळते.

लॅटिनो मुलांच्या बाबतीत आणखी एक विलक्षण गोष्ट आढळते. बाहेरून आलेल्या पहिल्या पिढीचे मानसिक आरोग्य गरिबी असूनही अनेक बाबतींत इथेच जन्मलेल्या पिढीपेक्षा चांगले असते. म्हणजे अमेरिकेत जितका काळ जातो, तितके हे संरक्षण झिजत जाते. आलेहान्द्रो पोर्तेस आणि रुबेन रुंबाउट यांनी १९९२ पासून मायामी आणि सॅन दिएगो परिसरातील पाच हजारांहून अधिक स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा अभ्यास केला. जिथे मुले इंग्रजीत भराभर पुढे गेली आणि पालक मागे राहिले, तिथे पालकांचा धाक आणि आधार दोन्ही सैल झाले; जिथे मुलांनी इंग्रजी शिकताना स्पॅनिश आणि समाजाशी असलेली नाती टिकवली, तिथे मुले अधिक स्थिर राहिली. तुमचा दुसरा मुलगा दोन्ही भाषांत वावरतो आणि त्याच्या त्या कौशल्याची वर्गात गरज असते, ही बाब मी किरकोळ मानणार नाही.

सीमापार

मनोवाचक यांच्या बहुतेक मांडणीशी सहमत आहे, तरी एका गोष्टीवर मला आक्षेप नोंदवायचा आहे. उभारीविषयीची चर्चा बघता बघता मुलांच्या सहनशक्तीच्या कौतुकात जमा होते, आणि ज्या गोष्टी सहन कराव्या लागतात त्या मात्र नैसर्गिक आपत्तीसारख्या गृहीत धरल्या जातात. लॅटिनो मुलांवरील ताणाचा एक मोठा भाग थेट धोरणांतून येतो, आणि धोरण बदलले की तो ताण मोजता येईल इतका कमी-जास्त होतो. यासाठी दोन अभ्यास पुरेसे आहेत.

१२ मे २००८ रोजी आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या छोट्या गावातील मांसप्रक्रिया कारखान्यावर स्थलांतर अधिकाऱ्यांचा छापा पडला आणि ३८९ जणांना अटक झाली. नंतर संशोधकांनी संपूर्ण आयोवातील जन्मनोंदी तपासल्या. छाप्यानंतरच्या काळात लॅटिना मातांना कमी वजनाचे बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. गोऱ्या मातांमध्ये अशी वाढ दिसली नाही. आणि ही वाढ अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे हद्दपारीची कसलीही शक्यता नसलेल्या लॅटिना मातांमध्येही होती. ज्यांच्या दारावर कोणीही आले नव्हते, त्यांच्याही गर्भातील बाळापर्यंत ती भीती पोहोचली.

दुसरा अभ्यास उलट दिशेचा. १५ जून २०१२ रोजी डाका (DACA) हे धोरण जाहीर झाले. लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या, पण कागदपत्रे नसलेल्या तरुणांना त्याने हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण आणि कामाचा परवाना दिला. त्यासाठी वयाची अट होती: जाहीर झाल्याच्या दिवशी वय ३१ पेक्षा कमी हवे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ऑरेगन राज्यातील नोंदींवरून या अटीत जेमतेम बसलेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या मातांच्या मुलांची तुलना केली. मुले सगळी अमेरिकन नागरिक, परिस्थिती जवळपास सारखी, फरक फक्त आईच्या जन्मतारखेचा. संरक्षणास पात्र ठरलेल्या मातांच्या मुलांमध्ये चिंताविकार आणि समायोजनविकार (ताणाच्या प्रसंगाशी जुळवून घेता न आल्याने होणारा त्रास) यांची निदाने निम्म्याहून अधिक घटली. हा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुलांना कोणतेही समुपदेशन दिलेले नव्हते. घरातील आई उद्याही घरीच असेल, एवढीच खात्री त्यांना मिळाली होती.

अमेरिकेतील लॅटिनो मुलांपैकी दहातील नऊहून अधिक जन्माने अमेरिकन नागरिक आहेत, पण चाळीस लाखांहून अधिक नागरिक मुलांच्या घरात किमान एका पालकाकडे कागदपत्रे नाहीत. २०१७ ते २०२१ या काळात सीमेवर पाच हजारांहून अधिक मुले पालकांपासून वेगळी केली गेली, तेव्हा त्याची बातमी झाली. पण हळूहळू झिरपणारा वियोग बातमीत येत नाही: वडील गाडी चालवायचे टाळतात, दवाखान्यात जायचे पुढे ढकलले जाते, शाळेच्या पालकसभेला कोणी येत नाही आणि शाळा नोंद करते की पालकांना आस्था नाही. ओवी, तुमच्या राज्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देणारा १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टेक्सासमधील टायलर या गावच्या शाळांवरूनच लागला होता. शाळांच्या आवारात कागदपत्रे नसलेल्यांची धरपकड टाळावी, असे धोरण २०११ पासून होते. जानेवारी २०२५ मध्ये ते मागे घेतले गेले. त्यामुळे तुमच्या वर्गातील धास्तीला ‘मुलांच्या मनाचे खेळ’ म्हणणे योग्य होणार नाही.

आणि तुमच्या दुसऱ्या, शांत मुलाविषयी थोडी सावधगिरी बाळगा. जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील गरीब कृष्णवर्णीय तरुणांवर जीन ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांचा आत्मसंयम अधिक होता ते अभ्यासात पुढे गेले आणि नैराश्यापासूनही दूर राहिले, पण त्यांच्या पेशींवर वय वाढल्याच्या खुणा मात्र लवकर उमटल्या. अभ्यास लॅटिनो मुलांवरचा नाही, हे मान्य. तरी प्रतिकूल परिस्थितीत सतत स्वतःला आवरून धरण्याची किंमत शरीर मोजते, ही शक्यता शांत मुलाकडे पाहतानाही मनात असावी.

ओवी

आपणा दोघांचेही आभार. पोस्टव्हिलचा अभ्यास मला माहीत नव्हता. तो सहकाऱ्यांना दाखवणार आहे.

एक उपप्रश्न विचारते. लॅटिनो कुटुंबांतील घट्ट नात्यांना, ज्यांना ही मंडळी फामिलिस्मो म्हणतात, प्रत्येक लेखात संरक्षक कवच म्हटलेले वाचते. माझ्या वर्गातील एक मुलगी आठवड्यातून एखादा दिवस गैरहजर असते, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला दुसरे कोणी नसते. आईबरोबर दवाखान्यात दुभाषी म्हणून तीच जाते, आणि आईच्या दुखण्याविषयी डॉक्टर काय म्हणाले हे आईला तिच्याच तोंडून कळते. याला कवच म्हणायचे की ओझे?

समुपदेशक_एलए

मी लॉस एंजेलिस परिसरातील शाळांत समुपदेशक म्हणून काम करतो. आधी उपप्रश्नाचे उत्तर देतो.

दोन्ही, आणि कोणते वजन जास्त हे बहुधा कामावर ठरत नाही, ते काम कसे पाहिले जाते यावर ठरते. अँड्र्यू फुलिग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांकडून रोजनिशी लिहून घेतली, तेव्हा घरकामात मदत केलेल्या दिवशी मुलांना थकवा आला तरी, ‘आपण चांगली मुलगी, चांगला भाऊ आहोत’ ही भावना त्यातून मिळाली तर ती अधिक आनंदी आढळली. दुभाषेपणाचेही तसेच आहे. आईने ‘तुझ्यामुळे माझे काम झाले’ म्हटले तर तो अभिमान होतो; मुलीला गृहीत धरले, किंवा आईच्या आजाराची वाईट बातमी तिच्याच तोंडून आईला सांगायला लावली, तर ती जखम होते. दवाखान्याने प्रौढ दुभाषा द्यायला हवा, हे आईला सांगता येईल. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर भाषासाहाय्य देण्याचे बंधन आहे आणि अनेक कुटुंबांना ते माहीतच नसते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी गांभीर्याने सांगतो. राष्ट्रीय सर्वेक्षणांत किशोरवयीन लॅटिना मुलींमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण अनेक वर्षे चिंताजनक राहिले आहे. लुईस सायास यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा मुलींशी आणि त्यांच्या आयांशी दीर्घ मुलाखती केल्या. कुटुंबाविषयीची ओढ कमी पडली म्हणून हे घडले, असे त्यांना दिसले नाही. ओढ होतीच, मुलीला वयानुसार हवी असणारी मोकळीक आणि घराची अपेक्षा यांत ताण आला, तेव्हा आई-मुलीत एकमेकींचे ऐकून घेण्याची वाट उरली होती की नाही, यावर बरेच अवलंबून होते. म्हणून मी पालकांशी बोलताना ‘मुलीला स्वातंत्र्य द्या’ असा उपदेश करत नाही. त्यांना तो घर मोडण्याचा सल्ला वाटतो. त्याऐवजी मी मुलगी घरासाठी काय काय करते, हे तिच्यासमोर मोठ्याने सांगतो, आणि मग आठवड्यातली एक संध्याकाळ तिच्यासाठी मोकळी ठेवता येईल का, एवढेच विचारतो.

आता तुमच्या पहिल्या मुलाकडे येतो. आमच्याकडे रँड ही संशोधनसंस्था, यूसीएलए हे विद्यापीठ आणि लॉस एंजेलिसचा शाळा विभाग यांनी मिळून सीबीआयटीएस नावाचा उपक्रम तयार केला. हिंसा पाहिलेल्या मुलांसाठी शाळेतच, शाळेच्या वेळात दहा गटसत्रे घेतली जातात; जोडीला काही वैयक्तिक भेटी, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठीही सत्रे असतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहावीतील १२६ मुले होती. ज्यांना उपक्रम लगेच मिळाला त्यांच्यात तीन महिन्यांनी आघाताची लक्षणे आणि नैराश्य, दोन्ही प्रतीक्षायादीतील मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. नंतर प्रतीक्षेतील मुलांनाही तो मिळाल्यावर हा फरक मिटला. एक तपशील मात्र शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे: त्या तीन महिन्यांत वर्गातील वागणुकीत शिक्षकांना लक्षणीय फरक जाणवला नव्हता. मूल आतून हलके झालेले असते, पण वर्गातली त्याची ख्याती जुनीच चालू राहते.

सत्रात प्रत्यक्ष काय होते, ते सांगतो. समजा, एका मुलाने ज्या बसथांब्यावर गोळीबार पाहिला, तो थांबा तो टाळतो आणि त्यासाठी रोज लांबचा रस्ता चालतो. त्याच्याबरोबर बसून आम्ही टाळलेल्या गोष्टींची शिडी कागदावर काढतो. सर्वांत खालच्या पायरीवर त्या थांब्याचे चित्र काढणे, मग रस्त्याच्या पलीकडून मोठ्या भावाबरोबर तो पाहणे, मग दिवसाउजेडी तिथे काही मिनिटे उभे राहणे. प्रत्येक पायरीवर तो भीतीला शून्य ते दहा यांतला आकडा देतो आणि आकडा उतरेपर्यंत थांबतो. इथे एक पथ्य कसोशीने पाळावे लागते: थांबा आजही धोकादायक असेल, तर तो शिडीवर येतच नाही. काही भीती बरी करायची नसते. ‘सगळे तुझ्या मनात आहे’ असे एकदा जरी म्हटले, तरी मूल पुन्हा तुमच्याकडे येणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

हा उपक्रम चालवायला प्रशिक्षित समुपदेशक लागतो, तेव्हा तुम्ही शिडी काढायला बसू नका. तुमच्या हातात असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्याला भिंतीकडची जागा नियम म्हणून द्या, सवलत म्हणून नको. बाकांची फिरवाफिरव होणार असेल तर आदल्या दिवशी सांगा, आगीचा सराव असेल तर सकाळीच कानावर घाला. मारामारीनंतर वर्गासमोर जाब विचारू नका; सन्मानाला, म्हणजे रेस्पेतोला, या घरांत फार मोल असते आणि चारचौघांत मान गेलेला मुलगा तो परत मिळवायला पुन्हा मारामारीच करतो. निलंबनाचा पर्याय सर्वांत शेवटी ठेवा, कारण निलंबित मूल त्या दिवशी ज्या रस्त्यावर असते, तिथे त्याची वाट पाहणारे इतर लोक असतात.

अभ्यासक्रमाचाही हातभार लागतो. एड्रियाना उमान्या-टेलर यांच्या आठ आठवड्यांच्या उपक्रमात मुले स्वतःच्या कुळाची, समाजाची माहिती घरच्यांना विचारून गोळा करतात आणि वर्गात मांडतात. त्यातून स्वतःविषयीची स्पष्टता वाढली आणि पुढे नैराश्य कमी झाले, असे दिसले. सॅन फ्रान्सिस्कोत कमी गुण असलेल्या नववीच्या मुलांना वांशिक समाजांचा इतिहास शिकवणारा विषय दिल्यावर उपस्थिती २१ टक्के-बिंदूंनी वाढल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आहेत, म्हणून मी त्या आकड्याची शपथ घेणार नाही. पण शाळेत आपल्या आजोबांचा उल्लेख आल्यावर मूल कसे सरसावून बसते, ते तुम्हीही पाहिले असेल.

मनोवाचक

सीमापार यांच्या आक्षेपाला थोडे उत्तर द्यायला हवे. कौतुकाने धोरण झाकले जाऊ नये, हे मान्य. मात्र धोरण बदलेपर्यंत आज तेरा वर्षांचे असलेले मूल अठराचे होईल. डाकाचा अभ्यास आणि काउआईचा अभ्यास मला एकाच गोष्टीकडे बोट दाखवताना दिसतात: भोवतालचे मोठे माणूस टिकून राहणे. एका ठिकाणी ते कायद्याने टिकले, दुसऱ्या ठिकाणी आजीच्या किंवा शिक्षकाच्या चिकाटीने. लॉस एंजेलिसमधील होमबॉय इंडस्ट्रीज हे तिसरे उदाहरण. बॉईल हाइट्समध्ये फादर ग्रेगरी बॉईल यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या कामातून ती संस्था उभी राहिली. टोळीतून बाहेर पडलेल्यांना तिथे बेकरीत किंवा कॅफेत पगाराचे काम मिळते, अंगावरचे टोळीचे टॅटू मोफत काढून मिळतात, समुपदेशन मिळते, आणि कालपर्यंत परस्परांचे शत्रू असलेले दोघे एकाच भट्टीपाशी उभे राहतात. पगार, नाते आणि उपचार एकत्र दिल्याशिवाय यांतले एकटे काहीच पुरत नाही, हे त्यांनी संशोधकांच्या आधी ओळखले होते.

सीमापार

हे मान्य. फक्त त्या मोठ्या माणसांत तुमच्यासारख्या शिक्षिकाही मोडतात आणि त्याही थकतात, म्हणून ओवी, शाळेकडे दुसऱ्या समुपदेशकाची मागणी लेखी करून ठेवा.

ओवी

मागणी करते. समुपदेशक, एक शेवटचे विचारायचे आहे. एखादे मूल मला विश्वासात घेऊन घरातील मारहाणीविषयी किंवा जीव देण्याच्या विचाराविषयी सांगू लागले, तर मी काय करावे? आणि पालकांशी संपर्क चिठ्ठीने करावा की फोनने?

समुपदेशक_एलए

‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊ नका. टेक्सासमध्ये बालकाच्या छळाचा संशय आलेल्या प्रत्येक प्रौढावर कळवण्याचे कायदेशीर बंधन आहे, शिक्षकांवर तर आहेच. मुलाला हे सुरुवातीलाच सांगा, आणि कुणाला फोन करणार आहात तेही त्याच्यासमोर सांगा. जीव देण्याचा विचार असेल तर त्याला एकटे सोडू नका, त्याच क्षणी शाळेच्या समुपदेशकाला बोलवा. कुटुंबाला आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदतवाहिनीचा ९८८ हा क्रमांक द्या आणि दोनचे बटण दाबल्यावर स्पॅनिश बोलणारी व्यक्ती मिळते, हे आवर्जून सांगा. कुटुंबाच्या कागदपत्रांविषयी मात्र काहीही विचारू नका आणि आपणहून कळले तरी कुठल्याही नोंदीत लिहू नका.

पालकांना फोनच करा. शाळेची छापील चिठ्ठी अनेक घरांत सरकारी नोटीस वाटते. पहिला फोन तक्रारीचा नसावा. मुलाने केलेली एखादी चांगली गोष्ट सांगण्यासाठी तो करा, म्हणजे दुसरा फोन उचलला जाईल. दुभाषा मागण्याआधी घरी कोणती भाषा बोलतात, ते विचारून घ्या. ग्वाटेमालातून आलेल्या बऱ्याच कुटुंबांची भाषा माम, किचे किंवा काँखोबाल असते. अशा आईला स्पॅनिश दुभाष्यासमोर बसवले, तर ती संकोचाने प्रत्येक वाक्याला मान डोलावते आणि बैठक यशस्वी झाली असे सर्वांना वाटते. त्या भाषांचे दुभाषे टेलिफोनवर मिळतात. शाळा विभागाच्या भाषासेवेकडे दोन-तीन दिवस आधी नोंद करावी लागते.